नक्की?

वजाबाकी होती ४०३ वजा १७८. मध्ये शून्य असलेली वजाबाकी मुलांना जड जाते. एककाला उसनं हवं असतं, ते शेजारच्या दशकाकडे जातं, तर तिथे काहीच नसतं. मग दशकाने आधी शतकाच्या दारात जायचं, तिथून आणायचं, त्यातलं स्वतःला ठेवायचं आणि एक दशक मोडून एककाला द्यायचं. एवढी ये-जा आठ वर्षांच्या डोक्यात मावायला वेळ लागतो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिने ती ये-जा बरोबर केली होती. वहीत २२५ लिहिलं होतं.

मी शेजारी बसून माझ्या वर्गाच्या वह्या तपासत होतो. मान वळवून पाहिलं आणि मला मनापासून आनंद झाला. कसं काढलंस ते तिच्या तोंडून ऐकावं असं वाटलं आणि तोंडातून शब्द निघाला, "नक्की?"

तिने वहीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग खोडरबर उचललं, २२५ खोडलं आणि तिथे २३५ लिहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी चकित होऊन गप्प बसलो होतो, ते तिला पुरेसं झालं. २३५ही खोडलं गेलं. या वेळी ३७५ आलं, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करून मोकळं होणं, जे तिने कधीच मागे टाकलं होतं. खोडून खोडून कागद पातळ झाला होता, त्याला एक बारीकसं भोक पडलं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं,

"मग किती लिहू?"

"अगं, पहिलंच बरोबर होतं तुझं."

"मग नक्की का विचारलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिने तीन उत्तरं लिहिली, आणि पहिल्यानंतर एकदाही ४०३ कडे पाहिलं नाही. गणित वहीत राहिलंच नव्हतं, ते माझ्या चेहऱ्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तेव्हा मी स्वतःवर कान ठेवला. सतरा वर्षं तिसरी-चौथीला शिकवतोय, पण आपण दिवसभरात काय बोलतो हे आपल्यालाच ऐकू येत नाही. पहिल्या तीन तासांत मी अकरा वेळा "नक्की?" म्हणालो. त्यातलं एकदाही उत्तर बरोबर असताना म्हणालो नव्हतो. उत्तर बरोबर आलं की माझं ठरलेलं होतं: "बरोबर, बस खाली." चुकलं की "नक्की?", आणि तेही शक्य तितक्या मऊ आवाजात, कारण मुलाला थेट चूक म्हणू नये असं मी मानत होतो. मला ती माझी सहृदयता वाटायची. मुलांनी मात्र माझ्या वर्गापुरता या शब्दाचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. नक्की म्हणजे चुकलं. माझी मुलगी माझ्या वर्गात नव्हती, पण सतरा वर्षांची सवय घरी येताना दप्तरात थोडीच ठेवता येते.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचं नाव शिक्षक होताना प्रत्येकाला पाठ करावं लागतं. मीही केलं होतं. त्यांचा एक साधा प्रयोग होता. मुलासमोर बटणांच्या किंवा सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या आणि विचारायचं, दोन्हींत सारख्याच आहेत का? मूल हो म्हणतं. मग त्याच्या देखत एका रांगेतल्या सोंगट्या लांब-लांब सरकवायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा करायचा. सहा-सात वर्षांखालची पुष्कळ मुलं या वेळी सांगतात की लांब रांगेत जास्त आहेत. यावरून, मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही ही समज त्या वयात पक्की झालेली नसते, असा निष्कर्ष निघतो. परीक्षेत मी हे उत्तर सुंदर अक्षरात लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते.

भोक पडलेल्या त्या पानानंतर मी पुन्हा वाचायला बसलो तेव्हा सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक या दोन संशोधकांचं काम हाती लागलं. १९७४ सालचं. त्यांनी सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांबरोबर हाच प्रयोग केला, पण काही मुलांना प्रश्न एकदाच विचारला. पहिल्यांदा विचारायचंच नाही, सोंगट्या सरकवून झाल्यावरच विचारायचं. एवढ्याशा फरकाने मुलांच्या चुका कमी झाल्या.

हे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. मुलाच्या जागी बसून पाहिलं तर सगळं उघड आहे. एका मोठ्या माणसाने मला काही विचारलं, मी उत्तर दिलं. त्याने ते ऐकलं. मग माझ्या डोळ्यांसमोर, मुद्दाम, हाताने काहीतरी हलवलं आणि तोच प्रश्न परत विचारला. मोठ्या माणसाला काय आपलं काम नाही? उत्तर तेच असतं तर त्याने पुन्हा विचारलं असतं कशाला? काहीतरी बदललेलं असणार, नाहीतर माझं पहिलं उत्तर तरी चुकलेलं असणार. यात मुलाची अक्कल कमी पडलेली नाही. समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज ते बांधतंय, आणि तो अंदाज अगदी शहाणपणाचा आहे.

त्याच सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तर एका खेळण्यातल्या अस्वलाला मदतीला घेतलं होतं. खोडकर टेडी येतो आणि रांग विस्कटून टाकतो. मोठ्या माणसाने काही केलेलंच नाही. मग त्याने पुन्हा विचारणं साहजिक होतं, आणि चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. पुढे यावरही शंका घेतली गेली. टेडीच्या गंमतीत मुलांचं रांगेकडे लक्षच राहत नसेल, असं काहींनी दाखवून दिलं, आणि ती शंका रास्त आहे. पियाजे खोटे ठरले असंही मी म्हणत नाही. लहान मुलं वेगळा विचार करतात, हे मी रोज पाहतो. पण ज्याला आपण डोक्यातली चूक समजतो, त्यातला काही भाग तरी आपला चेहरा वाचण्याचा असतो, एवढं माझ्यापुरतं पक्कं झालं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगायची टाळत मी हा लेख दोनदा अर्धवट सोडला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची नवी कंपासपेटी मधल्या सुट्टीनंतर दिसेनाशी झाली. ती रडत होती. सुट्टीत वर्गात एकच मुलगा थांबला होता, पाय दुखत होता म्हणून. अबोल, अभ्यासात मागे नाही आणि पुढेही नाही, असा. मी त्याला जवळ बोलावलं. ओरडलो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता हेही मला आठवतं.

"तू पाहिलीस का रे कंपासपेटी?"

"नाही सर."

"नीट आठवून बघ."

"नाही पाहिली."

"बाळा, मी रागावणार नाही. चूक होते माणसाकडून. खरं सांग, तू घेतलीस का?"

"नाही."

"नक्की?"

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण ते बघणं मला आज मुलीच्या बघण्यासारखंच आठवतं. मग तो म्हणाला, "हो सर."

"कुठे आहे मग?"

"हरवली."

मी त्याच्या पाठीवर थाप दिली. सगळ्या वर्गाला सांगितलं की याने खरं बोलण्याचं धैर्य दाखवलं आहे, याला कोणी काही बोलायचं नाही. त्या दिवशी घरी जाताना मला फार चांगलं वाटत होतं. मार न देता, आवाज न चढवता मी एका मुलाला खऱ्याकडे आणलं होतं, असा माझा समज होता.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आई कंपासपेटी घेऊनच शाळेत आली. घरीच होती, जुन्या दप्तरात. त्या दिवशी पेटी शाळेत आलीच नव्हती. मी मुलाला व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, अरे, मग तू हो का म्हणालास?

"तुम्ही परत परत विचारत होता, म्हणून." मग थोडं थांबून, "हो म्हटल्यावर तुम्ही हसलात."

मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो "ठीक आहे सर" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. ते ठीक आहे तरी खरं होतं, की माझ्या चेहऱ्यावर बघून दिलेलं आणखी एक उत्तर होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या वर्षी तो मला पुढे काहीही विचारायला आला नाही. मीही त्याला काही विचारताना अडखळायचो. आता तो नोकरीला लागला असेल. रस्त्यात दिसला तर मी ओळखेन का, हेही माहीत नाही, पण "तुम्ही हसलात" हे दोन शब्द मला त्याच्या आवाजात ऐकू येतात.

नंतर बालसाक्षीदारांबद्दल वाचलं. लहान मुलांची साक्ष न्यायालयात कितपत धरावी, यावर स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रुक यांनी १९९३ मध्ये मोठा आढावा घेतला होता. विचारणाऱ्याने आधीच मनाशी काही ठरवलेलं असेल आणि तो तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिला, तर मुलाचं सांगणं हळूहळू त्या बाजूला झुकू शकतं. म्हणूनच मुलांशी बोलणाऱ्यांना शिकवलं जातं की सुरुवात "काय झालं ते सांग" अशा मोकळ्या प्रश्नाने करावी, हो-नाहीच्या प्रश्नांचा मारा करू नये. पोलिसांना आणि वकिलांना हे शिकवावं लागतं. आम्हा शिक्षकांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि आमचं तर दिवसभराचं कामच प्रश्न विचारण्याचं.

मग मी काय बदललं? एक अगदी साधी गोष्ट केली. बरोबर उत्तरालाही तेच विचारायचं जे चुकलेल्या उत्तराला विचारतो, आणि तेही "नक्की?" नव्हे, तर "कसं काढलंस?" पहिले काही आठवडे वाईट गेले. बरोबर उत्तर देऊन "कसं काढलंस?" ऐकलं की मुलं घाईघाईने उत्तर बदलायची. हुशार मुलं तर जास्त घाबरायची, कारण त्यांना हा प्रश्न कधी येतच नसे. एक मुलगा रडकुंडीला आला आणि म्हणाला, "सर, माझं चुकलंय तर सांगा ना सरळ." सहामाही परीक्षा उलटल्यावर कुठे मुलांना पटलं की या प्रश्नात काही दडलेलं नाही. मग ती सांगू लागली. चुकलेली मुलं सांगता सांगता मध्येच थांबून "अरे हो" म्हणायची आणि स्वतःच दुरुस्त करायची. तो "अरे हो" मला कुठल्याही गुणांपेक्षा मोलाचा वाटतो.

थांबण्याची गोष्ट याहून अवघड निघाली. मेरी बड रो नावाच्या एक अमेरिकन विज्ञानशिक्षण संशोधक होत्या. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून शिक्षक किती वेळ थांबतात ते मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारायचा, बदलायचा किंवा दुसऱ्या मुलाकडे वळायचं. मुलाने उत्तर दिलं तरी तेच. त्याचं वाक्य संपतं न संपतं तोच शिक्षकाचं बोलणं सुरू. हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होत, "माहीत नाही" कमी होई, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागत, आणि शिक्षकांनी ज्यांना मंद समजून बाजूला ठेवलेलं असे ती मुलंही बोलू लागत.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून थांबून पाहिलं तेव्हा कळलं. मी हात पाठीमागे घेऊन अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागलो, एका सेकंदाला एक पेर. दुसऱ्या पेरावर मला घाम फुटायचा. वर्गातली शांतता ही शिक्षकाला आपली चूक वाटते. आपलं शिकवणं पोचलं नाही, असं ती शांतता सांगतेय असं वाटतं, आणि मग आपणच उत्तर देऊन टाकतो. बाकीची मुलं चुळबुळ करतात, कुणी कुजबुजून उत्तर फोडतं, कुणाचा हात इतका वर जातो की ते बाकावरून उठतं. त्यासाठी हात वर करायचा नाही असा नियम करावा लागला. तो रुळायला सगळ्यांनाच वेळ लागला, मला जास्त.

एकदा अपूर्णांक चालले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीला मी विचारलं, "अर्धा मोठा की एकतृतीयांश?" ही ठरलेली खोच आहे. तीन हा दोनाहून मोठा, म्हणून मुलं एकतृतीयांश मोठा म्हणतात. ती काही बोलेना. तीन पेरं झाली. पाच झाली. तिला उभं करून आपण छळतोय असं वाटून मी "बस" म्हणायच्या बेतात होतो. सातव्या पेराला ती म्हणाली,

"कशाचा अर्धा, सर?"

मी उत्तर ऐकायला उभा होतो, त्यामुळे हा प्रश्न आहे हे कळायलाच मला क्षणभर लागला. कशाचा अर्धा? लहानशा कागदाचा अर्धा आणि मोठ्या कागदाचा एकतृतीयांश यात एकतृतीयांश मोठा असू शकतो. मी इतकी वर्षं हा प्रश्न अर्धवट विचारत होतो आणि इतकी वर्षं मुलं मला पूर्ण उत्तरं देत होती, कारण मला कुठलं उत्तर हवंय हे त्यांना ठाऊक होतं. हिला ठाऊक नव्हतं, किंवा हिने त्याची फिकीर केली नाही. आधीच्या शिक्षकांच्या नोंदीत तिच्या नावापुढे "प्रतिसाद मंद" असं लिहिलेलं होतं. मीही पहिल्या सत्रात तसंच काहीसं लिहिलं होतं. ते मी त्या दिवशी खोडलं.

वर्गात हे सगळं शिकलो म्हणून घरी जमलं असं मात्र झालं नाही.

मुलगा चालायला शिकत होता तेव्हा पडला की आधी रडायचा नाही. आधी आमच्याकडे बघायचा. आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं की मोठा गळा काढायचा. आम्ही दुसरीकडे बघत असलो तर उठून चालू लागायचा. याचाही अभ्यास झालेला आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना अशा काचेवर ठेवलं होतं की खाली सुमारे ३० सेंटिमीटरचा खड्डा दिसावा, आणि पलीकडे आई उभी. आईचा चेहरा हसरा असला तर बहुतेक बाळं काच ओलांडून गेली. ज्या १७ बाळांच्या आयांनी घाबरलेला चेहरा केला होता, त्यातलं एकही गेलं नाही. खड्डा तेवढाच, काच तीच. बोलता यायच्या आधीपासून मूल आपल्या चेहऱ्यावर जग वाचत असतं, आणि ते वाचता येणं त्याच्या जिवाला लागतंच. ही सवय मोडावी असं मला वाटत नाही. माझी काळजी निराळी आहे. पुढे आठव्या वर्षी वजाबाकी आणि चौदाव्या वर्षी स्वतःचं मनही ते तिथेच वाचायला जातं.

घरी न जमण्याचं कारण मला उशिरा उमगलं. वर्गातल्या मुलाचं उत्तर चुकलं तर मला ते कसं चुकलं याचं कुतूहल असतं. स्वतःच्या मुलाचं चुकलं तर पोटात गोळा येतो. वर्गातल्या मुलीसाठी मी सात पेरं थांबू शकतो, कारण त्या सात पेरांत मला तिचं पुढचं आयुष्य दिसत नाही. माझ्या मुलीच्या एका चुकलेल्या वजाबाकीत मला पाचवी दिसते, दहावी दिसते, तिच्या नोकरीपर्यंत मी जाऊन येतो, आणि हे सगळं एका सेकंदात. ती माझ्याकडे बघते तेव्हा हे सगळं तिला दिसत असणार. त्याचा अर्थ लागत नसेल, पण दिसत असणार.

पालक शाळेत भेटायला येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: "घरी काहीच सांगत नाही हो. रोज विचारतो, आज शाळेत काय झालं? म्हणतो, काही नाही." पूर्वी मी त्यांना युक्त्या सांगायचो. असं विचारा, तसं विचारा, एक गंमत सांगायला लावा, एक वाईट गोष्ट सांगायला लावा. आता सांगत नाही. मी एका वडिलांना विचारलं होतं की त्याने खरंच काही सांगितलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय करता? ते थोडे थांबले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न विचारतो." ते प्रामाणिक होते. मीही तेच करतो. आज मित्राशी भांडण झालं, एवढं बाहेर आलं की लगेच: का, कुणी सुरू केलं, मग तू काय म्हणालास, बाईंना सांगितलंस का. चौथ्या प्रश्नाला ते भांडण मुलाचं उरत नाही, आपलं होतं. दुसऱ्या दिवशी मूल "काही नाही" म्हणतं. त्याला आपली गोष्ट आपल्याजवळ ठेवायची असते.

मुलगा आता चौदाचा आहे. गेल्या वर्षभरात त्याची उत्तरं एका शब्दावर आली आहेत. ठीक. हं. बघू. ताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, ती काळजीची खूण वाटते. त्याची आई म्हणते, वयच आहे. मला दोघींचंही पटतं आणि त्यामुळे काहीच ठरत नाही. काही आठवड्यांपासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलं आहे हे दिसतंय. एक मित्र यायचा थांबला आहे. फोन वाजला की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. रात्री दिवा उशिरापर्यंत चालू असतो. मी दोनदा विचारलं. दोनदा "काही नाही" आलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं होतं तेव्हा व्हरांड्यातला तो मुलगा आठवला आणि मी तोंड मिटलं.

मागच्या रविवारी त्याच्या सायकलची चेन उतरली. मी मदतीला गेलो. त्याने बोलावलं नव्हतं, नकोही म्हणाला नाही. आम्ही सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. तो पेडल धरून होता, मी चेन दातांवर चढवत होतो. असं शेजारी बसलं की एकमेकांचा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात. चेन पुन्हा पुन्हा निसटत होती. बोटं काळी झाली होती.

"बाबा," तो म्हणाला.

मी वर पाहिलं नाही. "हं."

"एखाद्याने आपल्याला सांगितलं, कुणाला सांगू नको..." आणि तो थांबला.

माझ्या मनात एकाच वेळी दहा प्रश्न उठले. कोण, काय, कधीपासून, धोक्याचं आहे का, तुझ्याबद्दल आहे की त्याच्याबद्दल. काळ्या अंगठ्याने मी पेरं मोजायला लागलो. पहिलं बोट झालं. दुसरं झालं. तो पेडल अगदी हळू फिरवत होता. तिसऱ्या बोटावर चेन एकदम सगळ्या दातांवर बसली आणि चाक सुरळीत फिरायला लागलं. आम्ही दोघंही त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत राहिलो.

"जाऊ दे. मला अजून नीट सांगता येत नाहीये," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणालो. "मी आहे इथे."

त्याने सायकल सरळ केली. मी हात पुसायला फडकं शोधलं, ते त्याच्याच खांद्यावर होतं. त्याने ते माझ्याकडे टाकलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिला. मीही बसलो.